टँजियरचा इंटरनॅशनल झोन समजून घ्यायचाय? मग करार असा वाचा

टँजियरबद्दल काहीही शोधलं की आधी हेर, सोन्याचे व्यापारी, स्मगलर आणि कॅफेत पडीक असलेले लेखक हेच समोर येतात, वाचायला मजा येते नाही असं नाही, पण असे चार लेख वाचून झाले तरी मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहतो. मोरोक्कोमधलं एक बंदराचं शहर सात-आठ देशांनी मिळून चालवलं म्हणजे नक्की काय केलं? चोर पकडला तर कुठल्या कोर्टात न्यायचा, कर कोण ठरवणार, पोलिसांचा साहेब कोण, आणि त्या शहरात आधीपासून राहणाऱ्या माणसाला यात कोणी विचारलं का?

याचं उत्तर बऱ्यापैकी एकाच कागदात आहे. १८ डिसेंबर १९२३ ला पॅरिसमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि स्पेननी सही केलेला करार, ज्याला टँजियरचा स्टॅट्यूट म्हणतात. पन्नासच्या वर कलमं आहेत आणि पहिल्या कलमापासून सरळ वाचायला घेतलंत तर दहाव्यापर्यंत डोळे मिटतील हे नक्की. म्हणून खाली मी सांगतोय तो क्रम धरा. इतिहासाचे विद्यार्थी असाल, परीक्षेसाठी वाचत असाल किंवा नुसतीच खाज असेल, तिघांनाही चालेल.

आधी नकाशा, कलमं नंतर

जिब्राल्टरची सामुद्रधुनी उघडा. सगळ्यात अरुंद ठिकाणी युरोप आणि आफ्रिकेत जेमतेम १४ किलोमीटर पाणी आहे, आणि टँजियर या सामुद्रधुनीच्या पश्चिमेकडच्या तोंडाशी बसलंय, म्हणजे अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात शिरणारं प्रत्येक जहाज त्याच्या समोरून जाणार. पलीकडे जिब्राल्टर, ते १७०४ पासून ब्रिटिशांच्या ताब्यात. एवढं बघितलं की ब्रिटनचं सगळं धोरण एका वाक्यात कळतं: समोरच्या किनाऱ्यावर कोणी तगडा गडी येऊन बसता कामा नये. दुबळा सुलतान असला तर उत्तम.

जाता जाता आपल्या कामाची एक गोष्ट. १६६१ च्या ज्या लग्नाच्या तहात पोर्तुगालनी मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, त्याच तहात टँजियरही दिलं होतं. चार्ल्सशी लग्न झालेल्या पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनच्या हुंड्यातली ही दोन बंदरं, आणि तेव्हा लंडनमध्ये भाव जास्त टँजियरला होता. इंग्रजांनी तिथे समुद्रात मोठा धक्का बांधला, भरपूर पैसा ओतला, मोरोक्कोच्या फौजांनी नाकी नऊ आणले आणि १६८४ मध्ये स्वतःच बांधलेला तो धक्का सुरुंग लावून उडवून ते निघून गेले. मुंबई राहिली.

आता दुसरा नकाशा, १९१२ नंतरच्या मोरोक्कोचा. दक्षिणेकडचा मोठा भाग फ्रान्सच्या संरक्षणाखाली, उत्तरेला एक पट्टा स्पेनकडे, आणि त्या पट्ट्याच्या वायव्य टोकाला अंदाजे ३७० चौरस किलोमीटरचा एक तुकडा वेगळ्या रंगात. तोच झोन. नीट बघा, जमिनीच्या बाजूने या तुकड्याला पूर्ण स्पॅनिश पट्ट्याने वेढलंय. स्पेनची पुढच्या ३०-४० वर्षांची सगळी कुरकूर या एका आकारातून येते, त्यामुळे हा नकाशा वाचताना बाजूला उघडा ठेवा, मोबाईलवर असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग तिघांचे युक्तिवाद शेजारी शेजारी लिहा

कागदावर तीन रकाने करा.

फ्रान्स म्हणायचा, सुलतान हा अख्ख्या मोरोक्कोचा राजा आहे, टँजियर मोरोक्कोत आहे, म्हणून टँजियर सुलतानाचं. ऐकायला किती छान, एकदम सार्वभौमत्वाचा कैवार. पण ३० मार्च १९१२ च्या फेजच्या तहापासून सुलतान फ्रान्सच्या संरक्षणाखाली आणि त्याचा परराष्ट्र व्यवहार फ्रेंच रेसिडेंट जनरलच्या, म्हणजे मोरोक्कोतल्या सगळ्यात वरच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हातात. म्हणजे टँजियर सुलतानाचं म्हटलं की ते फिरून कोणाच्या खिशात जातं ते तुम्हीच बघा.

स्पेन म्हणायचा, भूगोल बघा की, आमच्या पट्ट्यातच आहे, लोकवस्तीतही युरोपियनांमध्ये आमचेच जास्त.

ब्रिटन म्हणायचा, हे शहर कोणा एकाचं नको, आंतरराष्ट्रीयच ठेवा. न्यायाची भाषा होती खरी, पण ज्याचा जिब्राल्टरवर आधीच कब्जा आहे त्याला समोरचा किनारा कोणाचाच नसणं हे सगळ्यात स्वस्तात पडतं.

तिन्ही युक्तिवाद तर्काने बिनतोड आहेत आणि तिन्ही मांडणाऱ्याच्या सोयीचे आहेत. वसाहतीच्या काळातला कुठलाही करार वाचताना मी हे पहिलं करतो, कोण कुठलं तत्त्व धरून बसलाय आणि ते तत्त्व त्याला कुठे नेऊन सोडतं. तत्त्व खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. फक्त ते निवडलेलं असतं.

या तिघांच्या मागे जुनी देवघेव आहे ती थोडक्यात माहीत हवी. ८ एप्रिल १९०४ ला ब्रिटन-फ्रान्सनी आपापसात मिटवलं, इजिप्तमध्ये तुम्ही, मोरोक्कोत आम्ही, आणि सोबत गुप्त कलमंही होती. या किनाऱ्यावर तटबंदी करायची नाही ही अट तिथेच घातली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रान्स-स्पेनचं वेगळं बोलणं झालं. मग जर्मनीला राग आला की आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि ३१ मार्च १९०५ ला कैसर विल्हेल्म स्वतः टँजियरला जहाजातून उतरला, घोड्यावरून गावात फिरला, मी सुलतानाला स्वतंत्र राजा मानतो असं सांगून काही तासांत परत गेला. त्या काही तासांतून मोरोक्कोच्या प्रश्नावर १९०६ ची अल्जेसिरासची (स्पेनमधलं गाव) परिषद निघाली. या परिषदेतल्या सह्या लक्षात ठेवा, कारण पुढे टँजियरच्या कमिटीत कोण बसणार हे याच सह्यांवरून ठरलं. जर्मनी मात्र बाहेर, कारण पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहात मोरोक्कोतले सगळे हक्क त्याच्याकडून लिहून घेतले होते.

मालक कोण आणि कारभारी कोण

आता कराराला हात लावा. पहिल्यांदा फक्त सुलतानाचा उल्लेख कुठे कुठे येतो तेवढं शोधा, बाकी कलमं चाळली तरी चालतील. एक गोष्ट लगेच दिसेल की टँजियर मोरोक्कोपासून तोडलेलं नाही, सार्वभौमत्व सुलतानाचंच ठेवलंय. त्याचा प्रतिनिधी म्हणून तिथे मंदूब बसतो. म्हणजे सातबाऱ्यावर नाव सुलतानाचं, जमीन कसणारे भलतेच.

मंदूबाचं काम काय तर मुसलमान आणि ज्यू मोरोक्कन प्रजेचा कारभार बघायचा, कायद्यांवर शिक्का मारून ते जाहीर करायचे, आणि झोनच्या असेंब्लीचं अध्यक्षपद. अध्यक्ष म्हटल्यावर वाटतं बराच वजनदार असेल. पुढची ओळ वाचा, तो चर्चेत भाग घेऊ शकतो पण मत देऊ शकत नाही. कायदा जाहीर करतानाही त्याच्या सहीसोबत कंट्रोल कमिटीच्या (परदेशी कॉन्सुलांची समिती, पुढे येईलच) अध्यक्षाची सही लागते. मला अख्ख्या करारात ही जागा सगळ्यात आवडते, कारण राजाच्या माणसाला सगळ्यात उंच खुर्ची दिली आणि हात वर करायचा अधिकार तेवढा काढून घेतला, आणि हे इतक्या सभ्य भाषेत लिहिलंय की घाईत वाचणाऱ्याला मान दिल्यासारखंच वाटेल.

मंदूब नेमायचा सुलतानाने, आणि सुलतानाला सल्ला कोण देणार तर फ्रेंच. स्पॅनिश लोक याच्यावर कायम जळायचे, त्यांच्या मते मंदूब म्हणजे पगडी घातलेलं फ्रेंच मत.

खुर्च्या मोजा, अगदी बोटांवर

मूळ करारात असेंब्लीत २६ जागा. फ्रेंच ४, स्पॅनिश ४, ब्रिटिश ३, इटालियन २, आणि अमेरिकन, बेल्जियन, डच, पोर्तुगीज प्रत्येकी १. झाले १७. मोरोक्कन मुसलमान ६ आणि मोरोक्कन ज्यू ३, ते मंदूबाने नेमायचे. झाले ९.

आता या बेरजेशी जरा खेळा. शहरात बहुसंख्य कोण, तर मोरोक्कन मुसलमान, आणि २६ पैकी त्यांना ६. दोन्ही मोरोक्कन समाज मिळून एकदिलाने मत दिलं तरी ९, म्हणजे बहुमताच्या जवळपासही नाही. उलट फ्रान्सचे ४ आणि मंदूबाने नेमलेले ९ हे एकत्र आले तर थेट १३, म्हणजे बरोबर निम्मे, एक आणखी मिळाला की काम फत्ते. आता स्पेनचा राग कशाबद्दल होता ते न सांगता कळेल. हे गणित करारात कुठेही लिहिलेलं नाही, ते आपल्यालाच मांडावं लागतं, आणि म्हणूनच म्हणतो की अशा कागदातले आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका, त्यांच्या जोड्या लावून बघा.

दुसरं म्हणजे रिकाम्या खुर्च्या बघा. अमेरिकेसाठी एक जागा ठेवली होती पण अमेरिका करारात सामील झाली नाही आणि ती जागा दुसऱ्या महायुद्धापर्यंत तशीच पडून राहिली. त्याचा फायदा अमेरिकेलाच, कारण सही केली नाही म्हणून तिचे मोरोक्कोतले जुने हक्क शाबूत, तिच्या नागरिकावर खटला चालवायचा तर तिच्याच कॉन्सुलच्या कोर्टात. हे कोर्ट ऑक्टोबर १९५६ पर्यंत चाललं. बाहेर राहून जास्त मिळतंय तर आत कशाला यायचं, सरळ हिशोब. १९४५ मध्ये सोव्हिएत युनियनलाही जागा देऊ केल्या होत्या, पण फ्रँकोचा स्पेन ज्या टेबलावर आहे तिथे ते येईनात, त्याही रिकाम्याच.

नाही कोण म्हणू शकतं

असेंब्ली कायदे करणार ठीक आहे, पण तिच्या वर कंट्रोल कमिटी आहे, म्हणजे अल्जेसिरासवर सही केलेल्या देशांपैकी हा करार मान्य करणाऱ्यांचे कॉन्सुल. प्रत्येकाला एक मत, अध्यक्षपद फिरतं. करार पाळला जातोय ना हे बघणं तिचं काम, आणि असेंब्लीचा कायदा कराराच्या विरोधात वाटला तर ती तो अडवू शकते. बेल्जियमचा कॉन्सुल आणि ब्रिटनचा कॉन्सुल इथे मताला सारखे, हे त्या काळात बरंच विचित्र होतं. छोट्या देशांना टँजियर का आवडायचं याचं हे एक कारण.

मग रोजचा कारभार कोणाकडे? अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे. सुरुवातीला हा फ्रेंच, त्याच्या हाताखाली आरोग्य-स्वच्छतेला स्पॅनिश मदतनीस आणि पैशांना ब्रिटिश मदतनीस. तिजोरी ब्रिटिशाकडे आणि गटारं स्पॅनिशाकडे, यावर स्पेन किती खूश असेल विचार करा. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र मोठ्या देशांनी हे पद आपल्यातल्या कोणाला द्यायचंच नाही असं ठरवलं, म्हणून पुढे पोर्तुगीज, डच, बेल्जियन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दिसतात. ज्याची कोणाला भीती नाही त्याला कारभारी करा, हा प्रकार अशा सामायिक कारभारात पुन्हा पुन्हा भेटेल.

कोर्ट, पोलीस, पैसा, पोस्ट: या चार ठिकाणी बोट ठेवा

कुठल्याही सामायिक शहराचं खरं रूप या चारात कळतं, बाकी भाषणं.

कोर्ट: आधी मोरोक्कोत प्रत्येक युरोपियन देशाचं आपापलं कॉन्सुलर कोर्ट होतं, म्हणजे स्पॅनिश माणसाने ब्रिटिश माणसाला फसवलं तर केस कुठे चालवायची यावरच महिनाभर पत्रव्यवहार. त्या जागी मिक्स्ड कोर्ट आलं, त्यात आधी ब्रिटिश, फ्रेंच आणि स्पॅनिश न्यायाधीश, पुढे इटालियन आणि बेल्जियनही. माझ्या मते झोनमधली सगळ्यात बरी चाललेली गोष्ट हीच. पण ते परदेशी लोकांसाठी, आणि मोरोक्कन व परदेशी यांच्यातल्या खटल्यांसाठी. दोन मुसलमान मोरोक्कन भांडले तर मंदूबाकडे, ज्यूंच्या घरगुती बाबी रब्बींच्या कोर्टात. एकाच गल्लीत दोन भांडणं झाली तर कोण भांडलं यावर कोर्ट ठरणार.

पोलीस: झोन कायमचा तटस्थ आणि बिनलष्कराचा, म्हणून २५० जणांचं स्थानिक जंडार्मरी (सशस्त्र पोलीस) दल आणि त्याचा प्रमुख बेल्जियन अधिकारी. इथेही तेच सूत्र, शिपाई स्थानिक, साहेब तिसऱ्याच देशाचा.

पैसा: मुख्य कमाई कस्टमची. अल्जेसिरासच्या वेळेपासून आयात शुल्क साडेबारा टक्क्यांत अडकलेलं आणि सगळ्या देशांना व्यापारात समान वागणूक द्यायची अट, म्हणजे झोनला स्वतःच्या मर्जीने शुल्क वाढवायची सोय नाही. इन्कम टॅक्स नव्हता. युद्धानंतर बँका आणि सोन्याचा खुला बाजार इथे का फोफावला ते या अटींमधून समजतं, त्यासाठी गूढ वगैरे काही शोधायला नको. अधिकृत चलन मोरोक्कन फ्रँक, व्यवहारात स्पेनचा पेसेटाही धडाक्यात चालायचा.

पोस्ट: हे मात्र निवांत बघा, कारण यात झोन डोळ्याने दिसतो. एका शहरात ब्रिटिश, फ्रेंच आणि स्पॅनिश अशी वेगवेगळी पोस्टं. ब्रिटिश पोस्टातलं तिकीट म्हणजे लंडनमध्ये चालणारं तेच नेहमीचं तिकीट, राजाचं तोंड, तोच रंग, तीच किंमत, आणि वर काळ्या शाईत ठळक अक्षरांत टँजियर एवढंच छापलेलं. १९२७ पासून १९५७ पर्यंत हे छापील शिक्क्याचे स्टॅम्प निघत राहिले, त्यात राजे बदलत गेले आणि शेवटी राणी आली. कोणा संग्राहकाच्या अल्बममध्ये स्पॅनिश आणि फ्रेंच शिक्क्याची तिकिटं शेजारी लावलेली मिळाली तर बघाच, तिन्ही सरकारं एकाच गावाचं नाव आपापल्या स्पेलिंगमध्ये आपापल्या तिकिटांवर उमटवतायत. आणखी एक, झोनच्या अधिकृत भाषा अरबी, फ्रेंच आणि स्पॅनिश. इंग्रजी नाही. ज्या ब्रिटनच्या आग्रहाने शहर आंतरराष्ट्रीय झालं त्याची भाषा यादीत नाही, त्याला भाषेपेक्षा तटबंदी-बंदीचं कलम महत्त्वाचं होतं.

एक इमारत धरून ठेवा

एवढे देश, एवढ्या तारखा, डोकं फिरतं. माझा उपाय असा की एक इमारत निवडायची आणि तिच्यात कोण कधी राहिलं ते लिहीत जायचं. टँजियरमध्ये ग्रँड सोक्को या चौकाच्या बाजूला मंदूबिया आहे, मोठी बाग, जुनी झाडं. आधी ती जर्मन लीगेशन, म्हणजे वकिलात. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी हद्दपार, जागा मंदूबाला मिळाली, म्हणून हे नाव. १९४१ मध्ये शहरावर स्पॅनिश राज्य असताना (ते कसं आलं ते पुढे येईल) मंदूबाला बाहेर काढून ती परत जर्मनांना कॉन्सुलेटसाठी दिली. मे १९४४ मध्ये दोस्तराष्ट्रांनी स्पेनवर दबाव टाकून ते कॉन्सुलेट बंद पाडलं. आणि १० एप्रिल १९४७ ला याच बागेत सुलतान मोहम्मद पाचव्याने भाषण केलं ज्यात मोरोक्को हा अरब जगाचा भाग आहे आणि देश एकसंध आहे यावर भर होता, फ्रान्सची जी स्तुती अपेक्षित होती ती नव्हतीच. फ्रेंच रेसिडेंट जनरलची त्यानंतर लगेच उचलबांगडी झाली.

भाषण टँजियरमध्येच का, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि परत करारावर जा. सार्वभौमत्व सुलतानाचं असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं, मग आपल्याच शहरात यायला त्याला अडवणार कसं? आणि तिथे त्याचं बोलणं ऐकायला सात-आठ देशांचे कॉन्सुल आयतेच हजर. ज्या वाक्याचा उपयोग फ्रान्सनी स्पेनला दूर ठेवायला केला तेच वाक्य त्याच्या अंगावर आलं.

तारखांचा घोळ असा सोडवा

पुस्तकांमध्ये झोनची सुरुवात कुठे १९२३, कुठे १९२४, कुठे १९२५ दिलेली असते आणि लोक वाद घालत बसतात. सही डिसेंबर १९२३, मंजुऱ्या मे १९२४, प्रत्यक्ष अंमल १ जून १९२५. तिन्ही बरोबर, प्रश्न कशाबद्दल आहे ते बघा. मुदत १२ वर्षांची होती आणि कोणी बदल मागितला नाही तर आपोआप वाढणारी.

मधे १९२८ आहे, ते विसरू नका. इटलीला १९२३ मध्ये बोलावलंच नव्हतं, मुसोलिनीने ते मनात ठेवलं आणि १९२७ मध्ये इटलीच्या युद्धनौका बंदरात येऊन उभ्या राहिल्या. स्पेनचा हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेरा १९२६ पासून टँजियर आम्हालाच द्या म्हणून मागे लागला होता. शेवटी जुलै १९२८ मध्ये करार दुरुस्त केला, इटलीला असेंब्लीत एक खुर्ची वाढवून मिळाली, पोलिसांत स्पेनचं वजन वाढलं. म्हणून एखाद्या पुस्तकात २६ आणि दुसऱ्यात २७ सदस्य दिसले तर छपाईची चूक समजू नका, वर्ष बघा.

करार मोडला तेव्हा काय झालं

१४ जून १९४०. जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या त्याच दिवशी स्पेननी टँजियरमध्ये फौज घातली. कारण काय दिलं, तर शहराची तटस्थता जपायला आलोय. आणि फौज कोणाची, तर स्पॅनिश पट्ट्यातल्या खलिफाच्या नावाची, म्हणजे तेतुआनमध्ये बसणाऱ्या सुलतानाच्याच प्रतिनिधीची. बघा, घुसखोरी करतानाही कागदावरचं सुलतानाचं नाव वापरायचा मोह सुटला नाही. नोव्हेंबरमध्ये कंट्रोल कमिटी आणि असेंब्ली बरखास्त करून शहर सरळ स्पॅनिश पट्ट्याला जोडून टाकलं. ब्रिटननी निषेध केला पण हात बांधलेले होते, स्पेन उघडपणे हिटलरकडे गेला तर जिब्राल्टर धोक्यात.

इथे वाचताना एक गोष्ट तपासा: करारात तटस्थता लिहिली होती, पण ती मोडणाऱ्याला कोण रोखणार याची सोय होती का? २५० जंडार्म. बस. वाटून घेतलेल्या शहराचं रक्षण करायची जबाबदारी वाटून घेतलेली नव्हती. युद्ध फिरल्यावर ३१ ऑगस्ट १९४५ च्या पॅरिसच्या समझोत्याने स्पेनला बाहेर जावं लागलं आणि ११ ऑक्टोबरपासून झोन परत सुरू झाला, यावेळी अमेरिकाही कंट्रोल कमिटीत.

दुसऱ्या शहरांशी गल्लत नको

शांघाय, डॅन्झिग, टँजियर ही नावं लोक एका दमात घेतात. शांघायची इंटरनॅशनल सेटलमेंट तिथल्या कर भरणाऱ्या परदेशी जमीनदारांनी निवडलेल्या म्युनिसिपल कौन्सिलने चालवली, तिथे चिनी सदस्य यायला १९२८ उजाडलं, आणि फ्रेंचांनी आपली कन्सेशन वेगळीच ठेवली. डॅन्झिगवर लीग ऑफ नेशन्सचा हाय कमिशनर होता. टँजियरमध्ये लीग नाही आणि निवडून आलेले व्यापारीही नाहीत, सगळं कॉन्सुलांच्या आणि मंदूबाच्या नेमणुकीवर. तुलना करायचीच असेल तर वरचे तेच प्रश्न लावा, नेमतं कोण, नाही कोण म्हणतं, पोलीस कोणाचे. शहर रंगीबेरंगी होतं का हा प्रश्न शेवटी.

टँजियरच्या आधीचा एक छोटा नमुना बघायचा असेल तर शेजारचा केप स्पार्टेलचा दीपस्तंभ. १८६५ च्या करारानुसार तो सुलतानाचा, पण चालवायचा आणि खर्च उचलायचा परदेशी देशांच्या कमिशनने. सार्वभौमत्व एकाकडे आणि किल्ल्या बाकीच्यांकडे ही युक्ती साठ वर्षं आधी एका दिव्यावर करून बघितली होती. तो करार छोटासा आहे, एका बैठकीत वाचून होतो, स्टॅट्यूटच्या आधी तोच वाचलात तर फार सोपं जाईल.

शेवटची कागदपत्रं

मोरोक्को १९५६ मध्ये स्वतंत्र झाला, २ मार्चला फ्रान्सपासून, ७ एप्रिलला स्पेनपासून. झोन मात्र त्या तारखांना संपला नाही, कारण तो ना एकट्या फ्रान्सचा होता ना एकट्या स्पेनचा. त्यासाठी मोरोक्कोतल्याच फेदाला गावी वेगळी परिषद झाली आणि २९ ऑक्टोबर १९५६ च्या जाहीरनाम्याने आंतरराष्ट्रीय कारभार रद्द झाला. हा जाहीरनामा १९२३ च्या स्टॅट्यूटशेजारी ठेवून वाचा, जुन्या करारात मोरोक्को ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो होता, इथे तो टेबलावर बसून सही करतोय.

आणि त्याच्यानंतरची १९५७ ची राजाची सनदही सोडू नका. राजाने टँजियरच्या पैशाच्या सवलती तेव्हा चालू ठेवल्या, नाहीतर बँका एका रात्रीत पळाल्या असत्या, पण त्या १९६० मध्ये काढून घेतल्या. बँका गेल्याच. बहुतेक लेख १९५६ ला थांबतात, म्हणून परीक्षेत किंवा लेखात ही चार वर्षं लिहिणारा लगेच वेगळा दिसतो. वाचायचा क्रम मग असा ठेवा: १८६५, १९०४, १९०६, १९१२, १९२३, १९२८, १९४५, १९५६, १९५७, आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलने एकच गोष्ट लिहा, मोरोक्कनांच्या वतीने सही कोणी केली, आणि केली का.